कामाच्या बदल्यात मत मागू नका, ताई

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि राग आला, तुमचा नाही, त्या सभेत जे झालं त्याचा. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जो उपाय सुचवलाय तो मला पटलेला नाही, तेही आत्ताच सांगून ठेवते म्हणजे पुढे वाचताना धक्का बसायला नको.

बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. या ताई मूळच्या बेळगावच्या. नवऱ्याला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून 14 वर्षांपूर्वी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात आल्या, प्लॉट घेऊन घर बांधलं, मुलं गावच्याच मराठी शाळेत शिकली, मतदानही तिथलंच. वाड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीत, एक झर (पाण्याचा झरा) आहे, ती पावसाच्या आधी साफ करायचं काम बंद पडलं होतं ते ताईंनी शेजारणींना घेऊन परत सुरू केलं आणि आता दर वर्षी होतं. हल्ली झरीच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला सुरवात झाली. ताई रविवारच्या ग्रामसभेत उठून त्याबद्दल बोलल्या तर एका गावकर, म्हणजे गाव वसवणाऱ्यांच्या घराण्यातल्या, गृहस्थांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुमी भायलीं, काल-परां आयल्यांत, तुमकां आमच्या दोंगराचें कितें पडलां?" म्हणजे तुम्ही भायल्या, बाहेरच्या, काल-परवा आलात, तुम्हाला आमच्या डोंगराचं काय पडलंय. आणि ज्या बायकांबरोबर इतकी वर्षं चिखलात हात घातले त्यातली एकही तोंड उघडून बोलली नाही. ताई घरी येऊन रडल्या. मग चिडून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की आता झरीची समिती करूया, जे काम करतात त्यांनाच मत, जे वर्षभर फिरकत नाहीत त्यांनी फक्त ऐकायचं. त्यावर भांडण झालं, चार घरं ग्रुप सोडून गेली. ताई विचारतात की किती वर्षं राहिलं की माणूस गावचा होतो, शेजारणी गप्प का बसल्या, आणि माझं समितीचं म्हणणं चुकीचं होतं का.

कायद्याचं आधी बोलून टाकूया कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. ग्रामसभा म्हणजे कोण हे घटनेच्या 243 कलमात लिहिलंय, 73वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली तेव्हापासून, आणि आपला गोव्याचा पंचायत राज कायदा 1994 चा, त्यातही तेच. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सभासद, बस्स. त्यात गावकर, भाटकार (जमीनमालक), मुंडकार (त्याच्या जागेत घर करून राहणारा), प्लॉटवाला असली काही वर्गवारी नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावकरांच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची, सभा वेगळी, देवस्थानच्या महाजनांची सभा वेगळी, तिथं तुम्हाला मत नाही आणि ते तुम्ही मागतही नाही आहात. पण पंचायतीची ग्रामसभा ही त्या दोन्हीपैकी एकही नाही, आणि नेमका हाच घोळ गावागावात होतो, लोक कोमुनिदादीतला मान घेऊन पंचायतीच्या सभेत येऊन बसतात आणि बाकीचे तो मुकाट्याने मान्य करतात. त्या हॉलमध्ये ते गृहस्थ आणि तुम्ही अगदी सारखे होता. त्यामुळे पुढच्या वेळी बोलताना "मी 14 वर्षं इथं राहते, मी झर साफ करते" असं सांगत बसू नका. ते सांगितलं म्हणजे आपल्याला बोलायला कुणाची तरी परवानगी लागते हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. मतदार म्हणून बोला, विषयावर बोला, खाली बसा.

वर्षांचं विचाराल तर सरकारी नोकरीच्या अर्जाला रहिवासी दाखला लागतो त्याची अट 15 वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही काठावर आहात. गावाचा असा काही आकडा नसतो. गावात अशीही माणसं आहेत ज्यांच्या सात पिढ्या इथं गेल्या पण पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेत आहेत, घराला कुलूप आहे, जमिनीचे प्लॉट पाडून विकून झालेत, आणि तरी गावात त्यांना कुणी भायले म्हणत नाही. आणि तुमच्यासारखीही आहेत. हे अन्यायाचं वाटतं, आहेच. पण लांब गेलेला माणूस म्हणजे गावातून मन काढून घेतलेला माणूस असंही लगेच धरू नका हं, मुंबईत धोबी तलाव-गिरगावकडे गोंयकारांच्या कुडी होत्या, अजून थोड्या आहेत, गावागावाची वेगळी कूड, बोटीवर नोकरी शोधायला गेलेली पोरं तिथं स्वस्तात राहायची, आपसात नियम करून कूड चालवायची, एकमेकांना सांभाळायची. तेही गाव चालवणंच होतं, गावापासून इतक्या लांब.

आता त्या गृहस्थांबद्दल. ते तुमच्याशी वाईट वागले, उघड्या सभेत बाईमाणसाला असं बोलणं चुकीचंच. पण त्यांच्या पोटात कसली भीती आहे ती समजून घ्या, कारण ती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत गोव्यात बाहेरच्या पैशाने जे चाललंय ते आपण सगळेच बघतोय, दिल्ली-मुंबईहून कुणीतरी येतो, डोंगराच्या उतारावर व्हिला, चारी बाजूनी उंच भिंत, वर्षातले अकरा महिने कुलूप, आणि पाण्याची लाईन मात्र आधी त्याच्याकडे जाते. त्या माणसाचाही गावात पैसा आहे, भरपूर आहे, तुमच्या-माझ्या घरापेक्षा कितीतरी जास्त. पण झर आटली तर तो विकून दुसरीकडे जाईल, बहुतेक वेळा नफ्यातच जाईल. तुम्ही जाऊ शकत नाही. तुमची पोरं इथल्या शाळेत शिकली, तुमची विहीर इथं, तुमचं म्हातारपण इथं जाणार. तुमच्या बोलण्याला वजन आहे ते यासाठी, चिखलात किती तास घातले त्यासाठी नाही. ते गृहस्थ तुम्हाला आणि त्या व्हिलावाल्याला एकाच यादीत घालतात, ही त्यांची चूक. ती चूक सुधारायची तर आधी त्यांच्या लक्षात यायला हवं की डोंगर कापणाऱ्याची तुम्हाला जेवढी भीती तेवढीच त्यांनाही आहे, तुम्ही दोघं खरं म्हणजे एकाच बाजूला आहात.

आणि एक. जो गावात जास्त अडकलाय तोच गावाचं भलं जास्त ओळखतो असं आपण धरून चालतो ना, ते तुमच्या तालुक्यात तरी कुणी म्हणू नये. खाणींच्या पट्ट्यात लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, घरटी एक ट्रक अशी अवस्था असलेली गावं होती, आणि मग 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक अंगणात उभे आणि बँकेचे हप्ते चालू. त्या काळातल्या ग्रामसभा आठवा, किंवा तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. ज्याची विहीर खाणीमुळे आटली तो एक बोलायचा, ज्याचा हप्ता थकला तो दुसरं, आणि कितीतरी घरांत विहीरही त्यांचीच आणि ट्रकही त्यांचाच. त्यातला कोण गावचा नव्हता? सगळेच होते, सगळ्यांचं सगळंच तिथं होतं. माणसाचं जिथं अडकलेलं असतं तिथं त्याची नजर जाते हे खरं, पण तिथंच अडकूनही पडते. म्हणूनच सभेत वेगवेगळ्या जागी अडकलेली माणसं हवीत, एकाच प्रकारची नकोत.

इथं आता गावकारीचं सांगते, कारण तुमच्या समितीचं उत्तर मला तिथं दिसतं.

गावकारी, म्हणजे पुढे जिला कोमुनिदाद म्हणायला लागले ती, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. 1526 मध्ये अफोन्सो मेशियाने तिच्या रितीभाती लिहून काढल्या, म्हणजे तेव्हा ती चालत होती म्हणूनच लिहून काढता आल्या. जमीन एकट्या कुणाची नाही, गावकारीची. शेतं लिलावाने कसायला द्यायची, त्या पैशातून बांध, वाटा, देवाधर्माचं वगैरे बघायचं, आणि उरेल त्यातून गावकरांना जोण, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, वाटायचा. नदीकाठच्या गावांत खाजन शेती, तिथं तर हे सगळं बांधावर उभं होतं. बाहेर भरतीचं खारं पाणी, आत भातशेत, मध्ये मातीचा बांध, आणि त्यात लाकडाच्या दारांची मानस जी भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. बांधाला एका जागी भगदाड पडलं की एकाचं नाही, सगळ्यांचं शेत खारं होतं आणि परत गोडं व्हायला वर्षं जातात, तिथं फक्त कोरगुटासारखं खारं सोसणारं भात तग धरतं. त्यामुळे बांधावर लक्ष ठेवायला कुणी सांगावं लागत नव्हतं. ज्याचं भात त्याची नजर बांधावर, आणि बांधाचा निर्णयही त्यांच्याच सभेत. असल्या बांधांच्या आत आजही काही हजार हेक्टर जमीन आहे आपल्याकडे, विचार करा किती पिढ्यांचं काम ते.

हे ऐकायला छान वाटतं, आणि आपल्याकडे भाषणात इथपर्यंतच सांगतात. पुढचं नाही सांगत. गावकर कोण? ज्यांनी गाव वसवलं, जंगल तोडलं, बांध घातला त्यांचे वंशज, तेही फक्त पुरुष. म्हणजे सुरवात अगदी तुम्ही म्हणता तिथूनच झाली असणार ताई, ज्याने काम केलं त्याला मत. पण एकदा मत हे कामाचं बक्षीस ठरलं की पुढे ते मुलाला मिळतं, नातवाला मिळतं, आणि काम मात्र दुसरेच करतात. बांधावर टोपलीने चिखल वाहणारे हात बहुतेक गावकरांचे नव्हतेच, ज्यांना सभेत बसायलाही जागा नव्हती त्यांचे होते. त्यांच्या बायका तर कुठेच नाहीत. दुसऱ्याच्या भाटात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मुंडकारांना राहत्या झोपडीतून हुसकावता येऊ नये म्हणून 1975 ला कायदा करावा लागला, यावरून समजा.

मग पुढे काय झालं? गावकर शिकले, मुंबईला गेले, आफ्रिकेला गेले, गावात वर्षातून एकदा जोण घ्यायपुरते. 1964 चा कूळ कायदा आला, 1976 ला त्यात दुरुस्ती होऊन कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. हे व्हायलाच हवं होतं, माझ्या मनात त्याबद्दल जराही शंका नाही. पण जमीन कुळांकडे गेली आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या असोसिएशनवर आली, त्यातल्या कितीतरी पुढे कागदावरच राहिल्या. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो, त्यात पैसा चांगला. आता जो एका हंगामापुरता लिलाव घेतो त्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, पाण्याबरोबर मासे येतात, आणि शेतकऱ्याला तेच पाणी बाहेर हवं असतं. लिलावाचा पैसा एकाकडे, शेत दुसऱ्याकडे, बांधाचा निर्णय तिसऱ्याकडे, आणि दुरुस्तीला सरकारची वाट बघायची. कितीतरी खाजनं तशीच बुडून पडलीत, रस्त्याने जाताना खारफुटी वाढलेली दिसते, तिथं कधी भात होतं हे नवीन पोरांना खरंही वाटत नाही.

म्हणून मी म्हणते की तुमचं दुखणं खरं आहे पण औषध तेच आहे ज्याने हा आजार झाला. "जे काम करतात त्यांनाच मत" असं आज ठरवलंत तर काम मोजणार कोण? हजेरीची वही कुणाकडे? तुमच्याकडेच येणार, कारण आत्तापर्यंत सगळं तुम्हीच केलंय. वाड्यावरची ती म्हातारी जिला वाकता येत नाही, तिचं काय, तिला तर झर कुठून कुठे वाहायची ते सगळ्यांत जास्त माहीत असेल. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी पोरगी, जिची रविवारीही शिफ्ट असते? जी बाई झरीवर येत नाही पण सगळ्यांचा चहा आणि पेज तिच्याच घरून येते? भाड्याच्या खोल्यांत राहणारी ती ओडिशाची, झारखंडची मुलं, तीही त्याच झरीचं पाणी भरतात ना, त्यांना आजवर कुणी साफसफाईला बोलावलंय तरी का? आणखी दहा वर्षांनी तुमच्या समितीत तुम्ही पाच-सहा जणी उराल, सगळ्या खूप कष्ट केलेल्या, सगळ्या मनातून थकलेल्या, आणि बेळगावहून किंवा कुठूनही एखादी नवीन सून येऊन म्हणेल की झरीला असं का नाही करत, तेव्हा तिला "तू काल-परवा आलीस" असं म्हणणाऱ्या तुम्हीच असाल. मला तुम्हाला दुखवायचं नाही पण हे मला स्पष्ट दिसतंय आणि ते न सांगता गोड बोलून पत्र संपवणं बरोबर नाही.

कामाला काही किंमतच नाही असं मी म्हणत नाहीये हां. खूप आहे. ज्याने हात घातलाय त्याला पाणी कुठे मुरतं, कुठला दगड हलला, कोण वर कचरा टाकतो ते कळतं, आणि ते सभेत बोलायला लागलं की लोक ऐकतात. ते ऐकणं हीच त्याची कमाई. शिवाय आपण ज्यात हात घातला ते आपलं वाटतं, मग ते सांभाळावंसं वाटतं. पण तुम्ही ज्या क्रमाने जाताय तो मला उलटा वाटतो. तुम्ही म्हणता आधी काम करा मग ठरवायला या. माणसं तशी येत नाहीत ताई. ज्यात आपल्याला कुणी विचारलं ते करायला माणूस येतो. खरं सांगा, साफसफाईची तारीख कोण ठरवतं, कुठल्या बाजूने सुरू करायचं, वर्गणी किती, कुणाच्या घरी जमायचं, हे सगळं तुम्हीच ठरवता आणि मग ग्रुपवर मेसेज टाकता, बरोबर? मग बाकीच्यांच्या लेखी ते ताईंचं काम झालंय, ते तुम्हाला मदत म्हणून येतात, स्वतःचं म्हणून नाही. जी चार घरं ग्रुप सोडून गेली त्यांना बहुतेक कधी कुणी "तुम्हाला काय वाटतं" म्हणून विचारलंच नसेल, आणि पहिल्यांदा त्यांचं नाव निघालं ते मत काढून घेण्यासाठी.

एलिनॉर ऑस्ट्रम म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक होत्या, 2009 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळालेल्या पहिल्या बाई. पाणी, जंगल, मासेमारी असल्या सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी लोक आपल्याआपण कशा सांभाळतात हेच त्यांनी आयुष्यभर बघितलं. त्यांना जे दिसलं त्यातलं तुमच्या कामाचं एवढंच की नियम ज्यांना लागू होणार ते बनवण्यात त्यांचा हात हवा, नजर ठेवणारी माणसं त्यांच्यातलीच हवीत, आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा अगदी छोटी शिक्षा, मग वाढत जाणारी. मत काढून घेणं ही छोटी शिक्षा नव्हे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळातल्या पाटांचा अभ्यास केला तेही सांगण्यासारखं आहे. दगड-मातीचे, झाडांच्या फांद्यांचे बांध घालून शेतकऱ्यांनीच चालवलेले पाट, आणि सरकारने बांधून दिलेले काँक्रीटचे पाट. कच्चे बांध दर पावसात वाहून जायचे, दर वर्षी सगळ्यांनी जाऊन परत घालायचे. तरी पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायचं ते शेतकऱ्यांच्याच पाटांत जास्त. कारण वरच्या माणसाला बांध घालायला खालच्या माणसाचे हात लागायचे, तर त्याला पाणी द्यावंच लागायचं. पक्कं काँक्रीट झालं की वरच्याला खालच्याची गरज संपली, आणि खालच्याचं पाणीही.

तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे की पंच म्हणतात झरीला काँक्रीट, टाईल्स, पाईप सगळं करून देतो. घाई करू नका. एकदा का ते झालं आणि साफसफाईला कुणाचीच गरज उरली नाही की मग झरीबद्दल विचारायला तुम्हाला कुणाकडे जावं लागणार नाही, आणि तुमच्याकडेही कुणी येणार नाही. तोंडापाशी दोन पायऱ्या नीट करून घ्या म्हाताऱ्यांसाठी, बाकी हाताचं काम हातालाच राहू दे.

शेजारणींच्या गप्प बसण्याचं. मला वाटतं तुम्हाला सगळ्यांत जास्त तेच लागलंय. पण बघा, तुमच्या घरात पगार कारखान्यातून येतो, घराचे कागद तुमच्या नावावर, त्या गृहस्थांकडे तुमचं काहीच अडलेलं नाही. तुमच्या शेजारणींचं अडलेलं असेल. एकीच्या घराला नंबर मिळायचा असेल, एकीची मुंडकार केस मामलेदाराकडे पडून असेल, एकीच्या मुलाला कुठेतरी चिकटवायला त्यांचाच शब्द लागला असेल, एकीच्या ते सासरकडून नात्यातले असतील, आणि शिगम्याला एकाच मांडावर उभं राहायचंय, जत्रेला एकाच पालखीमागे चालायचंय. ज्याचं गावात जास्त असतं त्याला बोलायला जास्त भीती वाटते, कारण गमवायला जास्त असतं. तुम्ही मोकळेपणाने बोलू शकलात ते थोडं यामुळेही की तुम्ही अजून त्या जाळ्यात पुऱ्या अडकलेल्या नाही. तेव्हा त्यांना "तुम्ही का नाही बोललात" असं विचारू नका, अजिबात नको. एकेकीच्या घरी जा, चहा घ्या, डोंगराबद्दल तिला काय वाटतं ते विचारा आणि ऐका. ज्या सभेत बोलत नाहीत त्या अर्जावर सही करतील. ज्या सही करणार नाहीत त्या सर्व्हे नंबर सांगतील, कुठल्या दिवशी जेसीबी येतो ते सांगतील. तीही मदतच.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, 2009 ला त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं निर्णय बहुमताने नाही तर सर्वांच्या सहमतीने घेतात, एकाचाही विरोध असेल तर थांबतात. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते, ते अभ्यास गट चालवतात. तिथं निर्णय घ्यायचाच नाही, फक्त विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या माणसालाही बोलवायचं, कागद वाचायचे, आणि मग ग्रामसभेत बसायचं. तुमच्या वाड्यावर हे जमेल असं मला अगदी वाटतं. तुमच्या ओट्यावर नको मात्र. त्या म्हातारीच्या अंगणात जमा, आणि सोडून गेलेल्या चार घरांना ग्रुपवर नाही, दारात जाऊन बोलवा. त्यांची माफी वगैरे मागायची गरज नाही, "तो मेसेज मी रागात टाकला होता, तो मी मागे घेतला" एवढं सांगा.

आणि त्या गृहस्थांनाही बोलवा. हो, त्यांनाही. तुमच्या अपमानाचा विषय काढू नका, ते आपसूक काढतील किंवा नाही काढणार. त्यांना विचारा की या डोंगराचं जुनं नाव काय, वर कुणाची जागा होती, पाणी पूर्वी कुठून उतरायचं, जमीन कोमुनिदादची का खासगी. ही माहिती तुमच्याकडे नाही, तुमच्याकडे 14 वर्षांची आहे, त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांपासूनची आहे. ती त्यांनी गावासाठी आणलेली भर आहे, आणि ती कुणी त्यांच्याकडे मागत नाही हेही त्यांच्या चिडण्याचं एक कारण असू शकतं. येतील की नाही सांगता येत नाही. नाही आले तर नाही आले, त्यांच्यावाचून काम थांबत नाही, पण बोलावणं जायला हवं.

आता डोंगराचं काम, ते वेळेत व्हायला हवं कारण जेसीबी तुमच्या बैठकीसाठी थांबणार नाही. नगर नियोजनाच्या 1974 च्या कायद्यात 17अ कलम आहे, डोंगर कापायला आणि सखल जागा बुजवायला परवानगी लागते. परवानगी आहे का ते आधी विचारा, लेखी विचारा, पंचायतीच्या सचिवाला एक आणि नगर नियोजन खात्याच्या तुमच्या तालुक्याच्या ऑफिसला एक. फोटो तारखेसकट काढून ठेवा. पंचायतीची जैवविविधता समिती असते, 2002 च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत असायलाच हवी, तिच्याकडे गावच्या झऱ्या, तळी, झाडं यांची नोंदवही असते, त्यात तुमची झर आहे का बघा. नसेल तर नोंदवा, आणि ते काम त्या म्हातारीला आणि शाळेतल्या पोरांना घेऊन करा. हे सगळं होऊ शकतं हे आपल्याकडे आपण पाहिलंय, प्रादेशिक आराखडा 2011, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची याचा 2011 सालापर्यंतचा सरकारी आराखडा, लोकांनी रस्त्यावर येऊन जानेवारी 2007 मध्ये सरकारला मागे घ्यायला लावला, आणि त्या वेळी डोंगर वाचवायला आलेल्यांना तुम्ही कुठून आलात असं विचारत बसायला कुणाला वेळ नव्हता.

पुढच्या ग्रामसभेच्या आधीच अर्ज देऊन ठेवा, म्हणजे विषय कामकाजात घ्या म्हणून सांगता येतं, ऐनवेळचा विषय म्हणून उडवून लावता येत नाही. अर्जात झरीचं नाव, डोंगराचा सर्व्हे नंबर, आणि कापायचं काम कुठल्या तारखेपासून चाललंय ते, बाकी भावना-बिवना काही नको. सह्या जितक्या मिळतील तितक्या, तीन मिळाल्या तरी चालेल. सभेत बोलायचं तुम्हीच असं नाही, दुसरी कुणी वाचून दाखवायला तयार झाली तर तिला वाचू दे, तुम्ही शेजारी बसा. आणि सचिवाकडून पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्याची, तारखेची.